रंगाऱ्याच्या घराचं कोटेशन

"या भिंतीला लांबी किती लागंल?" आईनं विचारलं.

लोखंडे टेप गुंडाळता गुंडाळता थांबला. तो आल्यापासून आईचं हेच चाललं होतं, रंगाआधी भिंतीच्या भेगा-खड्ड्यांत भरायची लांबी किती, प्रायमर किती. पांढरा सफारी, बगलेत शेडकार्डाचं जाडजूड पुस्तक, बोटांत दोन अंगठ्या. कराडात रंगकामाचा नवाच धंदा मांडलेला हा कॉन्ट्रॅक्टर स्वतःच्या हातानं ब्रश कधी धरत नसे, आणि तेही तो अभिमानानं सांगायचा.

"बाई, लांबीची काळजी तुम्ही कशाला करताय? मी फुटाचा रेट देतो. मालासकट, मजुरीसकट. तुम्ही फक्त कलर सांगायचा."

"तरी पण. त्यात माल किती नि मजुरी किती?"

"असं फोडून कुणी सांगत नसतं," लोखंडे हसला. "हॉटेलात गेल्यावर भजीत बेसन किती विचारता काय?"

आई हसली नाही. तिनं त्याला चहा दिला, आकडा ऐकून घेतला आणि कळवते म्हणाली. तो गेल्यावर मी तिच्यावर उखडले. अण्णांना जाऊन दोन महिने झाले नव्हते. घरात येणारा पैसा बंद झाला होता, माझी कॉलेजची दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती, आणि हिला घर रंगवायचं सुचत होतं.

"वर्षश्राद्धाच्या आत एकदा रंग लावून घ्यायचा," आई म्हणाली. "त्यांच्या जिवंतपणी राहिलं ते राहिलं."

ते मात्र खरं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील निवृत्ती भिसे, हे कराडातले नावाजलेले रंगारी. अर्ध्या सोमवार पेठेच्या भिंतींना त्यांचा हात लागला होता, पण आमच्या घराला आयुष्यात सलग रंग लागला नाही. दुसऱ्यांच्या कामातला उरलेला डबा यायचा आणि तो पुरेल तेवढी भिंत रंगायची. स्वयंपाकघर एका बाजूनं पिस्ता, दुसऱ्या बाजूनं गुलाबी. बाहेरच्या खोलीला कुठल्याशा शाळेचा पिवळा. पाहुणे हसायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं अण्णाच हसायचे. मग त्यांना कावीळ झाली, ती अंगावर काढली आणि पंधरवड्यात माणूस गेला.

मागं आम्ही दोघी उरलो, आणि चार माणसं. दस्तगीरचाचा आणि त्यांच्या हाताखालचे तिघं. चाचा अण्णांपेक्षा वयानं मोठे, पन्नाशी केव्हाच ओलांडलेली. सकाळ झाली की हे चौघं आमच्या ओट्यावर येऊन बसत. अण्णा असताना तिथूनच कामावर निघायची त्यांची सवय. आता निघायचं कुठं हे कुणालाच माहीत नव्हतं. घासाई, लांबी, प्रायमर, ऑइलपेंट, सगळ्या कामात चाचांचा हात बसलेला, पण गिऱ्हाइकासमोर उभं राहून भाव सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आमच्या गावात धंद्याची पद्धतच तशी होती. भाव कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात आणि ब्रश माणसांच्या हातात. अण्णा जाताना तो भाव आपल्याबरोबर घेऊन गेले होते.

लोखंडे येऊन गेल्याचं चाचांना कळलं तेव्हा त्यांना लागलं.

"वैनी, बाहेरचा माणूस बोलवता? आम्ही मेलो काय?"

"तसं न्हाई, चाचा."

"मग? निवृत्तीच्या घराला लोखंड्यानं हात लावायचा?"

"तुमची मजुरी द्यायला माझ्याकडं काय हाय?"

"मागितली कुणी?"

"म्हणूनच," आई म्हणाली. "दसऱ्यापर्यंत कळ काढा. कुठं रोजानं मिळालं तर जावा. पण मला सांगून जावा."

चाचा उठले. ओट्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी गुडघ्याला हात लावला. ते मी पाहिलं आणि आईनंही पाहिलं.

आणखी एक कॉन्ट्रॅक्टर येऊन गेला. त्यालाही आईनं तेच प्रश्न विचारले, आणि त्यानंही सगळा मिळून एकच आकडा सांगितला. शेजारच्या बायका मला बोळात गाठून विचारायला लागल्या, आईचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. मी हो म्हणायचे, पण मला स्वतःलाच खात्री नव्हती.

मग एका रविवारी तोडकर आले.

बळवंत तोडकर आणि अण्णा एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. पुढं दोघांनी वेगवेगळा धंदा काढला, पण दोस्ती टिकली. दिवाळीला तोडकरांची भाऊबीज आमच्याकडं नसायची एवढंच, बाकी सगळं असायचं. आई त्यांना भावजी म्हणायची आणि ते आईला वैनी. अण्णांना खांदा द्यायला ते पुढं होते, आणि स्मशानातून आल्यावर आमच्या दारात जे बसले ते सगळे पांगल्यावरच उठले.

ते आत आले ते रागावूनच.

"वैनी, गावभर कोटेशनं मागत फिरताय असं ऐकलं. मी काय गाव सोडून गेलोय?"

"तुम्हाला कशाला तोशीस, भावजी."

"तोशीस कसली त्यात?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "रंगाऱ्याच्या घरी रंगारी मजुरी घेत न्हाई, हे तुम्हाला म्या सांगायचं? आमच्या उस्तादांपासनं चालत आलंय. माझं घर बांधलं तवा निवृत्तीनं आठ दिस राबून रंगवलं, चहाशिवाय काय घेतलं न्हाई. माल तेवढा तुमचा. हात माझे."

"माल तरी किती लागंल, ते सांगा."

आणि तोडकर सांगायला लागले. मजुरी घ्यायचीच नव्हती, त्यामुळे सगळा मिळून एक आकडा सांगायची सोयच राहिली नाही. मालाचा हिशेब वेगळा काढणं भागच होतं, आणि दोस्ताच्या बायकोला एक डबासुद्धा जास्त आणायला लावायचा नाही म्हणून ते तो बारकाईनं काढत होते. घरभर हिंडून प्रत्येक भिंतीला हातानं थापटून ते बोलत होते. शंभर फुटाला लांबी किती जाते, जुन्या भिंतीला किती आणि नव्या गिलाव्याला किती. प्रायमर किती पातळ केला तर चालतो आणि किती केला तर तो चोरीचा होतो. ऑइलपेंटचा एक हात कुठं पुरतो आणि दोन कुठं लागतात. आई त्यांच्या मागून चालत होती. मी चहा ठेवला होता तो उकळून उकळून काळा झाला, तरी त्यांची फेरी संपेना.

"आणि मजुरी धरायची म्हटली असती तर?" आईनं विचारलं.

"धरायची न्हाईच."

"तसं न्हाई. उगंच आपलं. ह्यांनी कधी सांगितलं न्हाई मला. इतकी वर्षं संसार केला, पण धंद्यातलं अक्षर कळू दिलं न्हाई."

तोडकर मऊ झाले. मला आठवतं, त्यांनी एकदा अण्णांच्या फोटोकडं पाहिलं. मग बसले आणि एकेक गोष्ट उलगडून सांगितली. घासाईला माणूस किती लागतो, बांबूच्या परांचीचं भाडं कशात धरायचं, सगळ्याच्या वर कॉन्ट्रॅक्टरनं स्वतःचं किती ठेवायचं, मोठ्या कामाला ते किती खाली आणायचं. हे सगळं त्यांनी स्वतःच्या माणसांनाही कधी सांगितलं नसेल.

"तुमच्यापासनं काय लपवायचं, वैनी," ते म्हणाले.

चहा पिता पिता चाचांचा विषय निघाला. आईनंच काढला.

"त्या चौघांचं काय करावं, भावजी? रोज ओट्यावर येऊन बसत्यात."

"माझ्याही डोक्यात हाय ते. गोसावी डॉक्टरांचा नवा दवाखाना झालाय बघा स्टँडच्या मागं, तीन मजली. निवृत्ती असता तर त्याचंच काम ते, जुना दवाखाना त्यानंच केलेला. आता डॉक्टर कोटेशन मागवत्यात. मला मिळंल. मिळालं की तुमच्यातली दोन पोरं मी घेतो."

"आणि चाचा?"

तोडकरांनी बशी खाली ठेवली. "खरं सांगू? दस्तगीरचं वय झालं. गुडघे गेल्यात त्याचे. तीन मजल्याच्या परांचीवर मी त्याला कोणत्या तोंडानं चढवू? पडला बिडला तर त्याच्या बायकोला जाऊन मीच सांगायचं."

"घरातल्या भिंती करतील की. खालच्या."

"वैनी, मलाबी माझी माणसं हायत."

ते वाईट नव्हते. मी तेव्हा चिडले होते, पण आज सांगते, त्यांच्या जागी दुसरा कुणीही असता तर एवढंही बोलला नसता. जाताना त्यांनी आईला शब्द दिला की दसऱ्याच्या आत घराला रंग लागेल. आई दारापर्यंत गेली आणि त्यांचा पाठमोरा शर्ट बोळाच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

त्यानंतर तीन-चार दिवस आई दुपारची घरात नसायची. मी कॉलेजातून यायचे तेव्हा दाराला कुलूप. विचारलं तर देवळात गेले होते म्हणायची. पण तिच्या पातळाच्या ओच्याला सिमेंटची धूळ असायची.

एका संध्याकाळी तिनं माझ्यापुढं पांढरा कोरा कागद ठेवला. आईचं शिक्षण चौथीपर्यंत.

"नंदे, चांगल्या अक्षरात लिहायचं. वर लिही, डॉक्टर गोसावी यांसी."

मी पेन हातात घेऊन तिच्याकडं पाहत राहिले. तिच्या शेजारी दस्तगीरचाचा मान खाली घालून बसले होते. दवाखान्याच्या सगळ्या खोल्या, जिने, कठडे त्यांनी टेप धरून मोजले होते आणि आईनं ती मापं पाठ केली होती. ती एकेक आकडा सांगत गेली. माल, मजुरी, परांची, आणि कॉन्ट्रॅक्टरचे वरचे. तोडकर ज्या क्रमानं बोलले होते त्याच क्रमानं. फक्त वरचे त्यांनी सांगितले होते त्यापेक्षा थोडे कमी.

"आई, हे तोडकरकाकांचं आहे," मी म्हणाले.

"ठाऊक हाय मला."

"त्यांनी विश्वासानं सांगितलं तुला."

"आणि चाचांना न्हाई म्हणाले, तेबी विश्वासानंच सांगितलं." तिनं कागद माझ्यापुढं आणखी सरकवला. "मी तरी काय करू, नंदे? लोखंड्यानं सांगितलं असतं तर त्याचं घेतलं असतं. सांगितलं फक्त त्यांनी. लिही."

चाचा तेवढ्यात म्हणाले, "वैनी, माझ्यापायी नको."

"तुमच्या एकट्यापायी न्हाई," आई म्हणाली. "माझ्याबी पायी हाय. लोकांच्या घरी भांडी घासायला जाऊ मी? ही पोरगी कॉलेज सोडून दुकानात उभी राहू दे?"

मी लिहिलं. खाली आईनं सही केली, इंदुबाई निवृत्ती भिसे. सही करताना तिला नावापेक्षा जास्त वेळ लागला तो वरच्या ओळींकडं बघण्यात.

डॉक्टरांनी ठरल्या दिवशी जुन्या दवाखान्यात बोलावलं. आई मला घेऊन गेली. तोडकर बाकावर आधीच बसलेले. आम्हाला पाहून ते उठून उभे राहिले.

"काय वैनी, बरं न्हाई काय? नंदाला काय झालं?"

त्यांना वाटलं आम्ही औषधाला आलोय. तेवढ्यात कंपाउंडरनं दोघांची नावं एकदमच पुकारली. तोडकर, भिसे. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहायचं टाळलं.

डॉक्टर गोसावी मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर सरकवला आणि आईकडं पाहिलं.

"बाई, निवृत्तीचं काम मला पसंत होतं. तुमचं कोटेशन कमीही आहे. पण हे काम तुम्हाला झेपेल का, हे मी कसं ठरवू?"

"माणसं त्यांचीच हायत, डॉक्टर."

"माणसं असतील. पण मधेच काम सोडून बसलात तर? एवढ्यात पुरेल तुम्हाला?" मग त्यांनी सरळ आमचा कागद उचलून तोडकरांपुढं धरला. "तोडकर, तुम्ही जाणकार. बघा आणि सांगा, एवढ्यात हे काम होतं का?"

तोडकरांनी कागद घेतला. पहिल्या ओळीवर त्यांचं बोट काही वेळ थांबलं. मग खालच्या ओळीवर, मग त्याच्या खालच्या. माझं अक्षर होतं, पण बोलणं त्यांचं होतं, आणि ते त्यांना ओळखू आलं हे मला त्यांच्या कानांवरून कळलं. कान तांबडे झाले होते. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तोडकरांनी नुसती मान हलवली असती तरी आमचा धंदा तिथंच संपला असता. त्यांना खोटंही बोलावं लागलं नसतं, नुसतं 'सांगता येत नाही' म्हटलं असतं तरी डॉक्टरांनी आमचा कागद बाजूला ठेवला असता.

"होतं," तोडकर म्हणाले.

"नक्की?"

"हिशेब बरोबर हाय. माणसंबी चांगली हायत. दस्तगीरसारखा लांबी भरणारा गावात दुसरा न्हाई."

"मग तुम्ही याच्या खाली येता का?"

त्यांना येता आलं असतं. थोडं सोडायचं आणि काम उचलायचं, त्यांच्याकडं तेवढी ऐपत होती. त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "बाईंना द्या."

बाई म्हणाले ते. माझ्या ते लगेच लक्षात आलं, आईच्या तर आलंच.

बाहेर रस्त्यावर आई त्यांच्या मागून जवळजवळ पळत गेली. त्यांनी सायकलचं कुलूप काढलं होतं.

"भावजी, मला बोलायचंय."

"परवापासनं येतो घरी," ते हॅंडलकडं बघत म्हणाले. "रंगाला. भांडीकुंडी मधे ओढून ठेवा."

"नको आता. खरंच नको. कोणत्या तोंडानं घेऊ?"

"शब्द दिलाय मी. तुमच्या तोंडाचा काय संबंध त्यात?" आणि सायकलवर टांग मारून ते निघून गेले.

ते आले. माणसं पाठवली नाहीत, एका गड्याला घेऊन स्वतः आले. आईनं माल आणून ठेवला होता, त्यांनी सांगितला होता तेवढाच. पिस्ता, गुलाबी, शाळेचा पिवळा, सगळं त्यांनी घासून काढलं. आमच्याकडं ते कामापुरतं बोलत. हे उचला, ते सरकवा, दार ओलं आहे. जेवणाचा डबा घरून आणत आणि पाण्याची कळशीसुद्धा. आई रोज चहा करायची, कप ओट्यावर ठेवायची आणि गार झालेला उचलून आणायची. एक दिवसही तिनं करायचा सोडला नाही आणि त्यांनी घेतला नाही. मला त्या चहाचा वैताग यायला लागला होता. एकदा मी म्हणालेही, "बास कर की." ती म्हणाली, "माझं काम मी करते."

शेवटच्या दिवशी बाहेरच्या खोलीतली भिंत राहिली होती. अण्णांचा फोटो त्यांनी स्वतः उतरवला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. भिंत झाली, वाळली. फोटो परत लावला, जरा मागं सरून तो सरळ आहे का पाहिलं. गडी बाहेर ब्रश धूत होता.

आई चहा घेऊन आली. या वेळी ओट्यावर न ठेवता त्यांच्यासमोर धरून उभी राहिली.

"मी चुकले असं म्हणणार न्हाई," ती म्हणाली. "म्हटलं तर खोटं होईल. परत तीच वेळ आली तर परत तेच करीन. पण मला लई वाईट वाटतंय, भावजी. रोज वाटतंय."

तोडकर तिच्याकडं वळले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"वैनी, मी तुम्हाला वैनीच म्हणणार," ते म्हणाले. आवाज शांत होता, राग नव्हता. "ते निवृत्तीमुळं हाय, ते काय तुमच्यानं किंवा माझ्यानं मोडायचं न्हाई. पण तुम्ही मला भावजी म्हणू नका. भावजी समजून म्या सांगितलं, आणि तुम्ही ते धंद्याला वापरलं. वापरलं ते वापरलं. आता धंद्यात आलाय, तर धंद्यातल्यासारखं तोडकर म्हणा. मग पुढच्या वेळंला तुम्हाला काय सांगायचं नि काय न्हाई, ते मला कळंल."

घरात नव्या रंगाचा उग्र वास कोंडला होता, आणि मला वाटत होतं की तिनं काहीतरी बोलावं, पाया पडावं, नाही म्हणावं. ती त्यांच्या पुढ्यात तशीच उभी होती आणि तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"चहा घ्या, तोडकर," ती म्हणाली.

त्यांनी कप घेतला. खाटेच्या कडेला बसले आणि बशीत ओतून, फुंकर घालून सगळा चहा प्यायले. मग टोपी घातली, मला 'अभ्यास कर' म्हणाले आणि गेले.

आईनं कपबशी मोरीत नेली. बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना म्हणून मी डोकावले. अण्णा गेले तेव्हा ती चारचौघांत रडली होती, बायकांनी तिला धरलं होतं. आता ती मोरीत उकिडवी बसून एकटीच रडत होती, आणि मी तिला धरायला गेले तर तिनं ओल्या हातानं मला बाजूला सारलं.

"जा, चाचांना निरोप दे," ती म्हणाली. "म्हणावं, उद्यापासनं दवाखाना धरायचा. खालच्या मजल्यापासनं."